चेरीच्या बागेतलं पश्चात्तापगृह

नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं, ही १७७३ सालची गोष्ट. शाळेत ती ऐकताना आपलं सगळं लक्ष शास्त्रीबुवांच्या करारीपणाकडे असतं. मृत्युदंडाला त्यांनी ‘प्रायश्चित्त’ म्हटलं, याकडे सहसा जात नाही. एरवी जुन्या व्यवहारात ही दोन खाती वेगळी होती. दंड सरकारात भरायचा; प्रायश्चित्त ब्रह्मवृंदानं सांगायचं आणि दोषी माणसानं पार पाडायचं. त्याला माप असे. चांद्रायण करायचं तर पौर्णिमेला पंधरा घास, मग रोज एकेक घास कमी करत अमावास्येला कडकडीत उपास, आणि पुन्हा तसंच चढत जायचं. माप पुरं झालं की माणूस पंक्तीला बसायला मोकळा. अनुताप हवा, असं शास्त्रं सांगतात खरी. पण तो झाला की नाही हे तपासत कोणी बसत नसे. पुण्यात पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून १८९० मध्ये जे ग्रामण्य माजलं, त्यात अखेर न्यायमूर्ती रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. त्यांना त्या चहाचा पश्चात्ताप झाला होता असं त्यांच्या विरोधकांनाही वाटलं नसेल. विधी झाला, विषय संपला.

याच्या नेमकं उलट टोक अमेरिकेत गाठलं गेलं. विधी नाही, घास नाहीत, दक्षिणा नाही, साक्षीला चार माणसंही नाहीत. हवा होता तो निव्वळ आतला पश्चात्ताप, आणि तो घडवून आणण्यासाठी सरकारनं इमारत बांधली. फिलाडेल्फियाच्या ‘ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शिअरी’ला २०२९ मध्ये दोनशे वर्षं पूर्ण होतील. त्यांपैकी जवळजवळ एकशे बेचाळीस वर्षं तिथं कैदी राहिले. आता तिकीट काढून माणसं आत जातात.

नाव आधी पाहू, कारण या संस्थेचं सगळं नशीब त्या नावात आहे. पेनिटेन्शिअरी हा आज अमेरिकेत तुरुंगासाठी सर्रास वापरला जाणारा शब्द. मुळात तो चर्चच्या आवारातला. लॅटिनमध्ये पश्चात्तापाला जो शब्द आहे, त्यापासून तो आला. पापांची कबुली ऐकून प्रायश्चित्त सांगणारा धर्माधिकारी तो पेनिटेन्शिअरी. क्षमेची, पापमुक्तीची प्रकरणं पाहणारी याच नावाची एक कचेरी रोममध्ये पोपच्या हाताखाली आजही चालू आहे. चुकलेल्या भिक्षूला मठात एकटं ठेवायची रीत होती. कैद्याच्या कोठडीला इंग्रजीत जो ‘सेल’ शब्द आहे, तोही मठातल्या खोलीचा. पेनिटेन्शिअरी हा शब्द तुरुंगाच्या दारावर नेऊन लावला तो इंग्लंडनं. जॉन हॉवर्ड नावाच्या गृहस्थानं देशभरचे तुरुंग पायाखाली घातले, १७७७ मध्ये त्यांच्या दुर्दशेवर ग्रंथ लिहिला आणि त्या खटपटीतून १७७९ चा पेनिटेन्शिअरी कायदा आला. त्या कायद्याप्रमाणे इंग्लंडनं लगेच काही बांधलं नाही. बांधलं ते नुकत्याच हातातून निसटलेल्या वसाहतीनं.

तेव्हाचे तुरुंग म्हणजे खटला चालेपर्यंत माणसं कोंडायची जागा. शिक्षा म्हणजे फटके, डाग, खोडा नाहीतर फाशी, आणि तीही चारचौघांत. स्वातंत्र्यानंतर पेनसिल्व्हेनियानं १७८६ मध्ये फाशीचे गुन्हे कमी केले आणि त्याऐवजी कैद्यांना रस्त्यावर कामाला लावलं. डोकी भादरलेली, पायात साखळी, साखळीला लोखंडी गोळा, हातात ढकलगाडी. ही वरात बघायला गर्दी जमे. दारू पुरवली जाई, शिवीगाळ चाले, कैदी गोळे फेकून मारत. बेंजामिन रश या डॉक्टरांना ते बघवेना. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांतले हे एक. १७८७ च्या मार्चमध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांच्या घरी भरलेल्या बैठकीत त्यांनी निबंध वाचला. त्याचा मथितार्थ असा, की चव्हाट्यावरच्या शिक्षेनं गुन्हेगाराची लाज जाते आणि बघणाऱ्याची दया मरते. शिक्षा नजरेआड, भिंतीआड नेली पाहिजे. दोनच महिन्यांत, मे १७८७ मध्ये, तुरुंगातली दुःखं हलकी करण्यासाठी एक सोसायटी उभी राहिली.

ही सगळी क्वेकरांची करणी, असं पुष्कळदा लिहिलं जातं. ते पूर्ण खरं नाही. क्वेकर मंडळी सोसायटीत भरपूर होती, आणि गप्प बसून अंतरातला प्रकाश शोधायची त्यांची उपासनापद्धत या योजनेत स्पष्ट दिसतेही. पण सोसायटीचे पहिले अध्यक्ष विल्यम व्हाइट हे एपिस्कोपल पंथाचे बिशप, आणि ते त्या खुर्चीवर जवळजवळ अर्धशतक राहिले. रशही क्वेकर नव्हते. एका पंथाची लहर म्हणून या प्रयोगाकडे पाहिलं की तो सोपा होऊन जातो. खरं म्हणजे त्या शहरातल्या झाडून साऱ्या सज्जनांचा त्यावर एकमतानं विश्वास होता.

पहिला प्रयोग जुन्या वॉलनट स्ट्रीट जेलमध्ये झाला. १७९० च्या कायद्यानं तिथं आवारात सोळा एकांत कोठड्यांची इमारत आली आणि तिला पेनिटेन्शिअरी हाउस म्हणायला लागले. काही वर्षं बरी गेली. मग गर्दी झाली, आणि सोळा कोठड्यांना कोण विचारतो! सोसायटीनं निष्कर्ष काढला तो असा, की कल्पना बरोबर आहे, इमारत कमी पडली. सरकारदरबारी अर्जांवर अर्ज गेले. राज्याच्या पश्चिम टोकाला पिट्सबर्गजवळ एक तुरुंग १८२६ मध्ये सुरू झाला. त्याच्या कोठड्या इतक्या अंधाऱ्या आणि चिमुकल्या निघाल्या की काही वर्षांतच पाडून पुन्हा बांधाव्या लागल्या. पूर्वेच्या तुरुंगाला विधिमंडळानं १८२१ मध्ये मंजुरी दिली होती. कैदी अडीचशे, प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी. जागा मिळाली ती शहराबाहेर टेकाडावरची चेरीची बाग. त्यामुळे कागदोपत्री ईस्टर्न स्टेट असली, तरी लोकांच्या तोंडी ती कित्येक वर्षं ‘चेरी हिल’च राहिली.

आराखडा जॉन हॅविलंड यांचा. हे इंग्लंडहून आलेले तरुण वास्तुरचनाकार. कोनशिला १८२३ मध्ये बसली. बाहेरून त्यांनी किल्ला उभा केला: तीस फूट उंच तट, बुरूज, बाणाच्या फटींसारख्या खिडक्या. त्यांतल्या बऱ्याच खिडक्या खोट्या आहेत, त्यांतून काही दिसत नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला धडकी भरावी एवढंच त्यांचं काम. आत मात्र वेगळाच हिशेब. मधोमध गोल चौकीघर आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात लांब ओळी. चौकीघरात उभं राहून पहारेकऱ्यानं नुसती मान फिरवली की प्रत्येक ओळ टोकापर्यंत दिसते. कोठडी बारा फूट लांब, आठ फूट रुंद, छताला देवळाच्या गाभाऱ्यासारखी कमान आणि त्या कमानीत एकच झरोका. उजेड वरूनच यावा, माणसाची नजर वरच जावी. कोठडीच्या मागे उंच भिंतींचं छोटं अंगण; रोज तासभर तिथं फिरायचं, शेजारचा आपल्या अंगणात नसेल अशा वेळी. दाराच्या जागी जेवण सरकवायची खिडकी, आणि पुढं जे दार आलं तेही इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये.

आणि प्रत्येक कोठडीत नळ, संडास, गरम हवेची सोय. वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसला तेव्हा वाहतं पाणी नव्हतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन रात्री भांडं वापरत असताना चेरी हिलचे चोर नळाखाली हात धूत होते. हा दानशूरपणा नव्हे. कैद्याला कोठडीबाहेर काढायचंच नाही, तर पाणी, ऊब आणि मोरी आत न्यायलाच हवी. एकूण खर्च पावणेआठ लाख डॉलरांच्या वर गेला. त्या काळच्या अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या इमारतींत तिची गणना होते. गुन्हेगारावर एवढा पैसा? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेलाच.

पहिला कैदी २५ ऑक्टोबर १८२९ रोजी आला. चार्ल्स विल्यम्स, कृष्णवर्णीय, शेतकरी, वय अठरा. चोरलेला माल म्हणजे वीस डॉलरचं घड्याळ, तीन डॉलरचा सोन्याचा शिक्का आणि एक सोन्याची किल्ली. शिक्षा दोन वर्षं. आल्याबरोबर नाव काढून घेतलं आणि क्रमांक दिला: एक. डोक्यावरून डोळ्यांखाली येणारं कापडी टोपडं चढवून त्याला कोठडीपर्यंत नेलं, म्हणजे वाट कळू नये, कोणाचा चेहरा दिसू नये आणि सुटल्यावर यालाही कोणी ओळखू नये. पहिल्यापासून या तुरुंगात कृष्णवर्णीयांची संख्या त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं फार मोठी होती. पश्चात्तापाची संधी कुणाला प्राधान्यानं मिळत होती, ते यावरून समजावं.

आतली दिनचर्या अशी. वाचायला बायबल. हाताला काम: जोडे शिवायचे, सूत गुंडाळायचं, माग चालवायचा. १८२९ च्या कायद्यानं एकांताबरोबर काम द्यायचं ठरवलं होतं. पण सुरुवातीचे काही दिवस मुद्दाम काहीच देत नसत. मग कैदी आपणहून काम मागे. काम ही शिक्षा न राहता कृपा होऊन बसे, आणि काढून घेणं ही शिक्षा. पहारेकरी पायात आवाज न करणारं काहीतरी घालून फिरत, जेवणाच्या गाडीच्या चाकांना चामडं लावलेलं असे. घरचं पत्र नाही, वर्तमानपत्र नाही. बोलायला येणार ते वॉर्डन, डॉक्टर, धर्मोपदेशक आणि सोसायटीचे सभासद. या भेटींवर सोसायटीचा फार भर होता. एकटा पडलेला माणूस सज्जनांशी बोलेल आणि हळूहळू त्यांच्यासारखा होईल, असा तो विचार. शेकडो कैद्यांमागे असे सज्जन किती होते आणि त्यांना वेळ किती होता, याचा हिशेब कोणी आधी मांडलेला दिसत नाही.

मला या सगळ्यात सर्वांत आवडते ती मोरी. हॅविलंडनी एवढी तजवीज करून माणसापासून माणूस तोडला, आणि कोठड्या जोडल्या त्या सांडपाण्याच्या नळांनी! नळ रिकामा झाला की कैदी त्यात तोंड घालून शेजाऱ्याशी बोलत. भिंतीवर आणि पाइपांवर ठोकून निरोप जात. अंगणातून दगडाला चिठ्ठी गुंडाळून पलीकडे फेकली जाई. व्यवस्थापनानं नळ बदलले, शिक्षा केल्या. बोलणं काही थांबलं नाही. पश्चात्तापासाठी दिलेला वेळ माणसं शेजारी कोण आहे हे शोधण्यात घालवत होती.

शिक्षांबद्दलही बोलायला हवं, कारण संस्थेच्या गौरवग्रंथांत हे पान पटकन उलटलं जातं. फटक्यांना इथं बंदी होती, याचा फार अभिमान असे. मग गप्प न बसणाऱ्याचं काय करायचं? थंडीच्या दिवसांत भिंतीला बांधून अंगावर गार पाणी ओतायचं. हलता येणार नाही असं खुर्चीला पट्ट्यांनी जखडून ठेवायचं. जिभेवर लोखंडी पट्टी देऊन ती मानेमागे बांधलेल्या हातांना साखळीनं जोडायची. हात हलले की जीभ ओढली जाते. मथायस मॅकमसी नावाचा कैदी १८३३ मध्ये ही पट्टी तोंडात असताना मेला. पुढच्या वर्षी विधिमंडळानं चौकशी नेमली. पहिले वॉर्डन सॅम्युएल वुड हे क्वेकर. चौकशीत छळाबरोबरच तुरुंगाच्या मालाची अफरातफर आणि कर्मचाऱ्यांच्या मेजवान्या, असं बरंच बाहेर आलं. समितीनं बहुमतानं वॉर्डनना निर्दोष ठरवलं. संस्था उभी राहून जेमतेम पाच वर्षं झाली होती.

तोवर तिचं नाव जगभर गेलं होतं. त्या वेळी अमेरिकेत तुरुंगांच्या बाबतीत दोन पंथ होते. न्यू यॉर्क राज्यातल्या ऑबर्नच्या तुरुंगानं १८२१ च्या सुमारास ऐंशी कैद्यांना कामाशिवाय एकांतात ठेवून पाहिलं. काही वेडे झाले, काहींनी जीव द्यायचा प्रयत्न केला. गव्हर्नरांना त्यांतल्या अनेकांची सुटका करावी लागली. मग ऑबर्ननं आपली पद्धत बदलली. रात्री एकटं, दिवसा कारखान्यात एकत्र, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला तर चाबूक. ही पद्धत स्वस्त होती, माल तयार होत होता, कोठड्या छोट्या चालत होत्या. अमेरिकेतल्या बाकीच्या राज्यांनी हिशेब केला आणि ऑबर्न उचलली. युरोपनं मात्र फिलाडेल्फिया पसंत केली. तिथल्या सरकारांना पैशापेक्षा तत्त्व मोठं वाटलं असेल, किंवा कैदी एकमेकांशी बोलू शकत नाहीत याचं राजकीय मोल त्यांना लवकर कळलं असेल.

फ्रान्सहून आलेक्सी द तॉकव्हिल आणि ग्युस्ताव्ह द बोमाँ १८३१ मध्ये आले ते तुरुंग बघायला. लोकशाहीवरचा तॉकव्हिलचा प्रसिद्ध ग्रंथ त्या दौऱ्यातून नंतर निघाला. सरकारी काम तुरुंगांचं होतं. तॉकव्हिल पहारेकऱ्याशिवाय एकेका कोठडीत गेला आणि कैद्यांशी बोलला. पुष्कळांचे डोळे भरून आले, अनेकांनी एकांताचे उपकार सांगितले. तो प्रभावित झाला. मला या मुलाखती वाचताना राहून राहून वाटतं, की कित्येक महिन्यांत ज्याच्याशी कोणी धड बोललं नाही, त्या माणसापुढे एक भला परदेशी तरुण बसून आस्थेनं विचारपूस करतो आहे. डोळे भरून यायला पश्चात्तापच कशाला हवा?

अकरा वर्षांनी, मार्च १८४२ मध्ये, चार्ल्स डिकन्स आला. अमेरिकेत नायगारा आणि चेरी हिल एवढं बघायचंच, असं त्यानं ठरवलं होतं म्हणतात. दिवसभर तोही कोठड्याकोठड्यांतून फिरला आणि प्रवासवर्णनात त्यानं या पद्धतीवर सडकून टीका केली. योजना आखणाऱ्यांचा हेतू चांगला आहे हे त्यानं मान्य केलं. मात्र मनाचा असा रोज थोडाथोडा होणारा छळ शरीराच्या कुठल्याही छळाहून भयंकर आहे, आणि त्याच्या जखमा दिसत नाहीत म्हणून तो अधिक वाईट, असं त्याचं मत झालं. एका जर्मन कैद्यानं सुताच्या रंगांतून रंग काढून कोठडीच्या भिंती रंगवल्या होत्या, मागच्या अंगणात छोटा वाफा केला होता. त्याची दशा पाहून डिकन्सचं मन फार कळवळलं. संस्थेच्या समर्थकांनी पुढची कित्येक वर्षं या लिखाणाला उत्तरं दिली, आणि त्यात हा जर्मन कैदी, ‘डिकन्सचा डचमन’, हुकमी पुरावा म्हणून वापरला: बघा, तो तर म्हातारा होईपर्यंत धडधाकट जगला! जगला खरा. सुटला, पुन्हा चोरी केली, पुन्हा आला, असं करत करत १८८४ मध्ये याच तुरुंगात मेला. यात समर्थकांचं काय सिद्ध झालं, ते त्यांनाच ठाऊक.

वेड लागण्याच्या तक्रारी तर सुरुवातीपासून होत्या. तुरुंगाच्या डॉक्टरांनी त्या नाकारल्या नाहीत. फक्त दोष एकांताला न देता कैद्यांच्या हस्तमैथुनाला दिला. अहवालांत तसं छापून आलं आहे. पश्चात्ताप झाला तर श्रेय पद्धतीचं आणि वेड लागलं तर खापर कैद्यावर.

एकांताचा हा नकाशा किती ठिकाणी गेला, याचा आकडा तीनशेच्या आसपास सांगतात. ब्रिटिश सरकारनं विल्यम क्रॉफर्ड यांना अमेरिकेत पाठवलं, १८३४ मध्ये त्यांचा अनुकूल अहवाल आला आणि १८४२ मध्ये लंडनला पेंटनव्हिल उघडलं. तिथंही आऱ्या, तोंडावर टोपडी, आणि प्रार्थनेच्या वेळी प्रत्येक कैद्याला स्वतंत्र खोका, म्हणजे समोरचा पाद्री दिसेल पण शेजारी दिसणार नाही. पेंटनव्हिल हा साम्राज्याचा नमुना ठरला.

आणि त्या वाटेनं चेरी हिलची एक दूरची नात पोर्ट ब्लेअरला जन्मली. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेला सेल्युलर जेल: मधे मनोरा, भोवती सात तिमजली फाटे, सातशेच्या आसपास कोठड्या, एका फाट्याच्या दारांसमोर दुसऱ्याची पाठ. मराठी माणसाला या इमारतीची ओळख करून द्यायला नको; बाबाराव आणि विनायकराव सावरकरांमुळे ती आपल्या घरची झाली आहे, आणि ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्याला तिच्या जिन्यांचाही अंदाज असतो. पण ती का बांधली, हे पाहण्यासारखं आहे. लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी १८९० मध्ये अंदमानची पाहणी केली. त्यांची तक्रार अशी, की काळं पाणी पुरेसं भयानक राहिलेलं नाही. हिंदुस्थानातल्या तुरुंगापेक्षा कैदी अंदमान बरं म्हणू लागलेत. तेव्हा आल्या आल्या प्रत्येकाला काही काळ कडक एकांताचा मासला दाखवावा. नकाशा फिलाडेल्फियाचा राहिला, मात्र त्यातला पश्चात्ताप कुठल्या तरी बंदरात उतरवून ठेवला गेला. सावरकरांकडून सरकारला हवं होतं ते कोलूवर रोज तीस पौंड खोबरेल.

मूळ संस्थेत काय चाललं होतं? तिथं एकांत मोडून पडला तो टीकेनं नव्हे, गर्दीनं. यादवी युद्धानंतर कैदी वाढले, एका कोठडीत दोन, मग तीन. दोघांच्या एकांताला काय म्हणावं? तरीही पेनसिल्व्हेनिया पद्धत कागदावर चालूच राहिली. सोसायटीची मंडळी तिची स्तुती करत राहिली. मोकळ्या जागांत नव्या ओळी घुसवल्या, सातांच्या पुढे पंधरापर्यंत आकडा गेला, आणि हॅविलंडचं ते चाक पार ओळखू येईनासं झालं. अखेर १९१३ मध्ये एकांताची पद्धत अधिकृतपणे सोडली. त्यानंतर अंगणं पाडून कार्यशाळा झाल्या, कैदी एकत्र जेवायला बसू लागले, बेसबॉल खेळू लागले. १९२० च्या दशकात यहुदी कैद्यांसाठी आत सिनेगॉगही झालं. त्याच सुमारास चौदाव्या ओळीखाली जमिनीत, उजेड नसलेल्या खोल्या करून ठेवल्या होत्या. एकांत आता सर्वांसाठी नव्हता, फक्त ऐकत नसलेल्यांसाठी होता. पश्चात्तापाचं औषध म्हणून ज्याची सुरुवात झाली, ते उघडउघड शिक्षेचं हत्यार झालं. निदान आता त्याला कोणी दुसरं नाव देत नव्हतं.

विसाव्या शतकातली संस्था म्हणजे किश्श्यांची खाण. बिनपरवाना पिस्तूल बाळगल्याबद्दल अल कपोन १९२९ मध्ये आठेक महिने इथं होता आणि त्याच्या कोठडीतल्या गालिच्याची, रेडिओची वर्णनं वर्तमानपत्रांनी चवीनं छापली. १९२४ मध्ये पेप नावाचा कुत्रा आला. गव्हर्नरच्या बायकोची मांजर मारली म्हणून त्याला जन्मठेप झाली, ही भाकडकथा आजही लोक आवडीनं सांगतात. त्याचा क्रमांकाचा फोटो मात्र खरा आहे. एप्रिल १९४५ मध्ये क्लॅरन्स क्लाइनडिन्स्ट या गवंडीकाम करणाऱ्या कैद्यानं खणलेल्या भुयारातून बारा जण बाहेर पडले. विली सटन हा नामांकित दरोडेखोर त्यांत होता. काही मिनिटांत पकडला गेला. हे किस्से गाइडना फार उपयोगी पडतात. संस्थेच्या इतिहासात त्यांचं वजन फारसं नाही.

वजन आहे ते पाटी बदलण्याला. १९५० च्या दशकात पेनसिल्व्हेनियानं तुरुंगखात्याची फेरमांडणी केली आणि ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शिअरीचं सरकारी नाव झालं ‘स्टेट करेक्शनल इन्स्टिट्यूशन, फिलाडेल्फिया’. पश्चात्ताप जाऊन सुधारणा आली. भिंती त्याच, कोठड्या त्याच, वरचा झरोका तोच. आपल्याकडेही तुरुंगखात्याच्या नावात ‘सुधारसेवा’ आली आहे, तेव्हा या बदलाकडे फार वरून बघायचं कारण नाही. गंमत अशी, की लोकांनी नवं नाव उच्चारलंच नाही. ज्याचा अर्थ कधीच उतरला नव्हता, तोच जुना शब्द टिकला.

इमारत थकली होती. १९६१ मध्ये मोठी दंगल झाली, १९६५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून मान मिळाला आणि १९७१ च्या सुरुवातीला कैदी हलवून तुरुंग बंद झाला. पुढची पंधरा-वीस वर्षं तिथं झाडं वाढली, छपरं कोसळली, मांजरं नांदली. १९८० मध्ये महापालिकेनं जागा घेतली ती विकसित करायला, म्हणजे पाडापाडीच्या तयारीनंच. शहर केव्हाच चेरी हिलला वेढून पुढं गेलं होतं, अकरा एकर मोक्याची जमीन. काही नागरिकांनी, वास्तूतज्ज्ञांनी नेट लावला आणि ते टळलं. डोक्यावर हेल्मेट घालून लोकांना आत नेण्यापासून सुरुवात झाली. १९९४ मध्ये रोज दार उघडायला लागलं. त्यांनी इमारत नव्यासारखी केली नाही, पडझड आहे तिथंच थोपवून धरली. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. रंगरंगोटी केलेल्या कोठडीत कोणालाही ती राहण्याजोगी वाटली असती.

हे चालवायला पैसा कुठून आला? बराच भुतांकडून. १९९१ पासून हॅलोविनच्या दिवसांत तिथं भीतीचा खेळ होतो आणि वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यातून निघत आला. माणसं जिथं खरोखर वेडी झाली तिथं घाबरायचं तिकीट विकावं का, हा वाद संस्थेतही झाला असणार. २०२१ मध्ये त्या खेळाचं नाव आणि रूप बदललं. दुसरीकडे २०१४ मध्ये आवारात सोळा फूट उंच पोलादी आलेख उभा राहिला. अमेरिकेत लाख लोकांमागे किती माणसं तुरुंगात, हे दर दहा वर्षांच्या पट्टीनं दाखवणारा. चेरी हिल बंद झाली त्या १९७० च्या सुमारापर्यंत पट्ट्या बुटक्या आहेत. नंतर त्या डोक्यावरून निघून जातात. आज अमेरिकेत वीस लाखांच्या आसपास माणसं कैदेत आहेत, आणि एकांत कोठड्या त्यांत आहेतच. नाव बदललं आहे, झरोकाही बऱ्याच ठिकाणी राहिलेला नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मान्य केलेल्या नेल्सन मंडेला नियमांत सलग पंधरा दिवसांपुढच्या एकांताला मनाई आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७८ च्या सुनील बत्रा खटल्यात तुरुंगाधिकाऱ्यांनी परस्पर एकांत लादण्याला चाप लावला. पण न्यायालयानं शिक्षा म्हणून द्यायचा एकांत कायद्यात आहे: भारतीय दंड संहितेतला तो नियम २०२३ च्या न्याय संहितेतही कलम ११ आणि १२ म्हणून आला. एका वेळी चौदा दिवस, एकूण तीन महिने. दीडशे वर्षांहून जुना मजकूर जवळपास जसाच्या तसा.

ज्या सोसायटीनं हे सगळं सुरू केलं, ती पेनसिल्व्हेनिया प्रिझन सोसायटी या नावानं अजून आहे. राज्यातल्या तुरुंगांत जाऊन कैद्याशी बोलायचा अधिकार तिच्या प्रतिनिधींना कायद्यानं आहे आणि त्यांचे स्वयंसेवक तो वापरतात. औषधं मिळत नाहीत, पत्र पोचलं नाही, घरची माणसं लांबून येऊन परत गेली, अशा तक्रारी ते टिपून घेतात आणि अधिकाऱ्यांच्या मागे लागतात. एकांत कोठडी ही आपल्याच पूर्वजांची देणगी, हे ते लपवत नाहीत. तिच्याविरुद्ध आज तेच बोलतात.